शिकारीला मूल न्यावे केव्हा?

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही बसलात, तर सालेकसा मागे पडल्यावर दरेकसा नावाचे छोटे स्टेशन लागते. येथून पुढे डोंगर जवळ येतात आणि थोड्याच वेळात गाडी बोगद्यात शिरते. जवळच हाजरा धबधबा आहे आणि कचारगडच्या प्रचंड गुहा आहेत. माघ पौर्णिमेला या गुहांपाशी दूरदूरचे गोंड बांधव यात्रेसाठी जमतात. त्या भव्य गुहेच्या तोंडाशी उभे राहिले की मनात एक साधाच प्रश्न येतो. शाळा नव्हत्या, बाजार नव्हते, अशा काळी रानावर पोट भरणाऱ्या माणसांनी आपल्या मुलांना शिकार शिकवली तरी कशी? बाप शिकारीला निघाला आणि पाच वर्षांचे पोर ‘मीपण येतो’ म्हणून मागे लागले, तर तो त्याला नेत असेल का?

काहीजण म्हणतील, न्यायलाच हवे, नाहीतर ते शिकणार कसे? काही म्हणतील, छे, एवढ्या लहानाला कोण नेईल! मित्रांनो, गंमत अशी की दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. कोणते उत्तर केव्हा लागू पडते, हे शिकार कोणत्या पद्धतीने करायची यावर ठरते.

एक पद्धत दबा धरून, माग काढत जाण्याची. चितळाचे कान आणि नाक किती तिखट असते हे तुम्हांला ठाऊक आहे. वाळलेल्या पानांवर एक पाऊल चुकीचे पडले की कळप पसार. येथे लहान मूल म्हणजे फजितीच! आफ्रिकेतील टांझानियात हाड्झा नावाचे लोक राहतात. त्यांचे पुरुष धनुष्यबाण घेऊन बहुधा एकेकटेच शिकारीला जातात, मुलांना मागे ठेवतात. वाघीणही हेच करते. आपल्या नवेगाव-नागझिऱ्यातली वाघीण शिकारीला निघते तेव्हा अगदी लहान बछड्यांना झुडपात दडवून जाते. ती जरा मोठी झाल्यावरच तिच्या मागून फिरू लागतात, आणि स्वतंत्र व्हायला त्यांना दीड-दोन वर्षे लागतात.

दुसरी पद्धत हाकाऱ्याची किंवा जाळ्याची. येथे सगळे उलटे. जनावर उठवून जाळ्याकडे पळवायचे असते, म्हणून गोंगाट हवाच असतो, आणि गोंगाट करण्यात मुलांचा हात कोण धरणार? मध्य आफ्रिकेतील आका लोकांच्या जाळ्याच्या शिकारीला सारे कुटुंब जाते, कडेवरच्या तान्ह्या बाळासकट. आका बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ बाळाच्या हाताच्या अंतरावर असतो, असे अभ्यासकांना मोजमाप करून आढळले आहे. असा बाप मला तरी दुसरीकडे कोठे वाचायला मिळालेला नाही.

मग हाड्झांची मुले शिकतात कशी? वस्तीच्या आसपास, आपल्याच वयाच्या टोळीत. अगदी लहानपणीच मुलाच्या हातात छोटे धनुष्य येते, पण विषारी बाण नव्हे. तो पुष्कळ उशिरा, जाणता झाल्यावर मिळतो. फळे, कंद, पाखरे यांवर ही मुले स्वतःच्या पोटाचा काही भाग स्वतःच भरतात. खेळ कोठे संपतो आणि काम कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण.

शिकारीला शक्ती लागते, पण तेवढ्याने भागत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील ४० ठिकाणच्या १८०० हून अधिक शिकाऱ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सरासरीने पाहता कौशल्य कळसाला पोचते ते ३० ते ३५ या वयात! शरीराची ताकद त्याआधीच भरात आलेली असते. मधली वर्षे जातात ज्ञान मिळवण्यात. ठसा आजचा की कालचा, त्याच्या कडा ढासळल्या आहेत का, वारा कोठून येतो, घाबरलेले जनावर कोणीकडे वळेल, हे पाठ करून येत नाही. म्हणूनच सुरुवात लवकर करावी लागते.

ही सुरुवात किती जुनी? इथिओपियात मेल्का कुंतुरे येथे सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीच्या चिखलात उमटलेली पावले सापडली. त्यांचे वर्णन २०१८ साली प्रसिद्ध झाले. जवळच दगडी हत्यारे होती आणि मांस कापल्याच्या खुणा असलेली पाणघोड्याची हाडे होती. पावले मोठ्यांची होती, तशीच एक-दोन वर्षांच्या मुलांचीही. त्या पाणघोड्याची शिकार झाली होती की तो आपोआप मेला होता हे पावले सांगत नाहीत. पण मांस कापण्याच्या जागी मुले हजर होती एवढे नक्की.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे शिकार बंद झाली. ते आवश्यकच होते. पण विदर्भातल्या फासेपारध्यांचा विचार करा. तितर-लावे धरण्याचे फासे कोठे लावायचे, पाखराचा हुबेहूब आवाज कसा काढायचा, हे त्यांची मुले मोठ्यांबरोबर हिंडूनच शिकत. बंदीनंतर त्या विद्येचे करायचे काय? मध्य प्रदेशातील पन्ना येथे चोरट्या शिकारीपायी २००९ पर्यंत सगळे वाघ संपले होते. बाहेरून वाघ आणून तेथे ते पुन्हा वाढवले गेले, आणि तेथील पारधी तरुण आता पाहुण्यांना जंगलात पायी हिंडवून ठसे वाचून दाखवतात. विद्या तीच, शेवटचा बाण तेवढा गेला.

तुम्हांलाही ती थोडी शिकता येईल. पाऊस ओसरल्यावर ओढ्याकाठच्या ओल्या मातीत पाहा. गोल ठसा, नखांची खूण नाही, तर तो मांजरकुळातला. लांबट ठसा आणि पुढे नखांचे टोचे, तर कुत्रा, कोल्हा यांपैकी कोणी. दोन टोकदार खूर आणि त्यांच्या मागे दोन बारीक खुणा, तर बहुधा रानडुक्कर. ठशाशेजारी पट्टी ठेवून वहीत चित्र काढा आणि दुसऱ्या दिवशी तोच ठसा पुन्हा पाहून काय बदलले ते लिहा. जंगलाजवळ राहत असाल, तर एकटे जाऊ नका. गावातल्या एखाद्या जाणत्या आजोबांना बरोबर न्या, आणि चालताना बडबड करू नका.