छपराखालचा भुसा

घर थंड राखण्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे एकदम कूलरवर जाते. कूलर कोणता घ्यावा, त्याला पाणी कुठून आणावे, विजेचे बिल कोण भरणार, एवढ्यावर चर्चा संपते. छपराकडे कुणी पाहत नाही. वस्तुतः बैठ्या घरात मे महिन्याच्या दुपारी जी उष्णता शिरते तिचा मोठा भाग छपरातूनच शिरतो. कारण त्या दिवसांत आपल्या भागात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि त्याचा मारा भिंतींपेक्षा छपराला अधिक लागतो. तेव्हा छपराखाली काही भरावे काय, आणि भरावे तर कोणते, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. आमचे उत्तर गोंदियाच्या राईस मिलांच्या मागे ढिगाने पडलेले दिसते. ते म्हणजे धानाचा भुसा.

हा प्रश्न आमच्यापुढे विडी कामगारांमुळे आला. विडी वळणारी बाई घरी बसून काम करते. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि कापलेली पाने. पंखा जोरात लावला की जर्दा उडतो, म्हणून तो मंद ठेवावा लागतो किंवा बंद करावा लागतो. मजुरी हजार विड्यांमागे. दुपारचे तीन तास छपराखाली बसवेना झाले, तर दोन-तीनशे विड्या गेल्याच. १९४८ च्या कारखाने कायद्यात असे कलम होते की, कारखान्याचे छप्पर व भिंती अशा सामानाच्या असाव्यात की आतील उष्णता शक्य तितकी कमी राहील. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानेही कामाच्या जागेतील हवा व उष्णता यांचा विचार केला होता. परंतु कामाच्या जागेची व्याख्या करताना राहते घर त्यातून वगळले. म्हणजे काम घरात गेले, आणि छपराचा कायदा कारखान्यातच राहिला! पुढे कायदे बदलले; पण विडीवालीच्या घरातला पारा मोजायला निरीक्षक आलेला आम्ही अजून पाहिलेला नाही.

पूर्वी हा त्रास इतका नव्हता, कारण घरे कवेलूंची होती. कवेलूंच्या रांगांमध्ये हवेला असंख्य फटी असतात, खाली बांबू असतो, आणि बऱ्याच घरांत त्याखाली मातीने लिंपलेला माळा असे. मग टिनाचे पत्रे आले. लोकांनी ते मूर्खपणाने घेतले असे कुणी म्हणू नये. माकडे कवेलू फोडतात, दर पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे लागते, शाकारणारा माणूस मिळत नाही. पत्रा एकदा ठोकला की वर्षानुवर्षे बघायला नको. पण मेच्या दुपारी तोच पत्रा साठ अंशांच्या वर तापतो, आणि खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तव्यासारखा धग टाकीत राहतो.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. उष्णता अडवते ती हवा. मात्र ती हवा स्थिर असली पाहिजे. मोकळी हवा तापली की वर जाते आणि उष्णता सोबत नेते. तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडले की ती हलू शकत नाही. गोधडी, लोकर, पक्ष्यांची पिसे ही सगळी याच रीतीने काम करतात. धानाचे टरफल होडीसारखे पोकळ असते, आणि अशी टरफले एकमेकांवर पडली की आत व मध्ये हवाच हवा राहते. तेवढ्याच जाडीचे पोलाद आणि भुसा शेजारी ठेवले तर पोलादातून उष्णता भुशाच्या सुमारे हजारपट सुलभतेने वाहते.

थंड देशांत ही विद्या फार पुढे गेली आहे. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना घर घेताना आपल्याला कधी न पडणारा प्रश्न पडतो, की माळ्यावर काय फुंकावे? तेथे यंत्राला जाड नळी लावून छताच्या वरच्या पोकळीत सुटे सामान फुंकून भरतात. कुणी काचेची लोकर भरतो, कुणी दगडाची लोकर, तर कुणी जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा. या भुग्यात आग व किडे आवरण्यासाठी टाकणखाराच्या जातीची क्षारे मिसळलेली असतात. तेथील मोजमापात इंचभर थराला काचेची लोकर अडीचच्या आसपास रोध देते, कागदाचा भुगा साडेतीनच्या आसपास, आणि आपला भुसा तीनच्या जवळपास. म्हणजे आपला भुसा या पंक्तीत कुठेही खाली मान घालून बसत नाही. अतिथंड भागात माळ्यावर एकूण ४९ ते ६० रोध असावा अशी शिफारस असते. म्हणजे कागदाचा थर चौदा ते सतरा इंच झाला.

आपल्याला एवढा थर नको. तेथे बाहेर शून्याखाली २५ आणि आत २० अंश, असे ४५ अंशांचे अंतर दिवसरात्र टिकते. आपल्याकडे तापलेला पत्रा आणि खोली यांत पंचवीस-तीस अंशांचे अंतर, तेही दिवसाचे काही तास. शिवाय पहिले चार इंच जेवढा फरक पाडतात तेवढा पुढचे चार पाडीत नाहीत. म्हणून चार इंच पुरेत, असे आमचे मत आहे. थंड देशातील कारागिरांची एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी. ते भरण्याआधी छतातील भोके व फटी बुजवतात. फटीतून वारा वाहत असेल तर वरच्या थराचा उपयोग निम्मा होतो.

भुसाच का, याचेही कारण सांगितले पाहिजे. तणस स्वस्त खरी, पण ती ओलाव्याने कुजते, दबते आणि ठिणगीने भडकते. करवतीचा भुसा पाणी पितो आणि त्याला वाळवी लागते. कागदाचा भुगा आपण घरी केला तर त्यात क्षार नसतात, तो धोकादायक. राख जड असते. धानाच्या टरफलात मात्र वाळूच्या जातीचे द्रव्य भरपूर असते. ते जाळले तर वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी राख उरते आणि ती बहुतेक सिलिकाच असते. त्यामुळे टरफल कडक राहते, सहजी कुजत नाही, फारसे दबत नाही, आणि गुरेसुद्धा त्याला तोंड लावीत नाहीत.

हिशेब सोपा आहे. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर चार इंचांचा थर म्हणजे एक-सव्वा क्विंटल भुसा. एक क्विंटल धान भरडले की सुमारे वीस किलो भुसा निघतो. म्हणजे पाच-सहा क्विंटल धानामागचा भुसा एका खोलीला पुरतो. तो आता फुकट मिळेल असे नाही, कारण उसन्या तांदळाच्या गिरण्या तोच बॉयलरात जाळतात आणि वीटभट्ट्याही उचलतात. तरीही कूलरच्या किमतीशी त्याची तुलना होणार नाही. खरा खर्च आहे तो छताच्या तट्ट्याचा.

पत्र्याच्या खाली बांबूच्या बल्ल्या आडव्या टाकून त्यांवर बुरडाकडचे घट्ट विणीचे तट्टे पसरावेत, आणि ते खालून-वरून शेणमातीने लिंपून पूर्ण वाळू द्यावेत. त्यावर भुसा सारखा पसरावा. दाबू नये, दाबला की हवा गेली. भुशाचा वरचा थर आणि पत्रा यांत निदान वीतभर जागा मोकळी राहावी, आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत बारीक जाळी लावलेली भोके असावीत, म्हणजे पत्र्याखालची तापलेली हवा बाहेर निघून जाईल. जाळी विसरली तर तेथे चिमण्या आणि उंदीर संसार थाटतील.

उंदरांचे मूळ भुशात नसते. भुशात राहिलेल्या कनकीत व कोंड्यात असते. म्हणून भुसा चाळून, उन्हात दोन दिवस वाळवून मगच वर चढवावा. चाळताना तोंडाला दुपट्टा घट्ट बांधावा. ती धूळ छातीला वाईट. गिरणीतल्या हमालांना हे सांगायला नको. पत्र्याला भोक असेल तर आधी ते बुजवावे, कारण आपल्या पावसात भिजलेला भुसा निरुपयोगी होतो आणि बुरशी धरतो.

आगीबद्दल अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. भुसा तणसासारखा भडकत नाही, पण धुमसतो, आणि आतल्या आत धुमसणारी आग उशिरा कळते. विजेची तार भुशात पुरू नये. ती नळीतून न्यावी, आणि जुनी तार असेल तर आधी बदलावी. धुराड्याभोवती हातभर जागा विटांनी बांधून मोकळी ठेवावी. ज्या खोलीत चूल पेटते आणि धूर जायला वाट नाही, त्या खोलीवर भुसा टाकूच नये, असे आम्ही म्हणतो; आधी धुराची वाट करावी.

भुसा घर थंड करीत नाही, हेही ध्यानात घ्यावे. तो फक्त उष्णतेला उशीर लावतो. पत्रा सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. भुसा असला की खोलीतली धग त्या वाटेने जाऊ शकत नाही. तेव्हा रात्री खिडक्या-दारे उघडी ठेवावीत आणि सकाळी नऊच्या आत बंद करावीत. ज्यांना चोराच्या किंवा सापाच्या भीतीने रात्री खिडकी उघडता येत नाही, त्यांनी खिडकीला जाळी बसवण्याचा खर्च भुशाच्या आधी करावा. पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारले तर पत्रा मुळातच कमी तापतो. अहमदाबादने २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच काढले. आमच्या मते चुना आधी, भुसा नंतर. ज्याच्याजवळ एकाचेच पैसे असतील त्याने चुना घ्यावा. पावसाने तो धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा लावावा.

घरकुलांचा प्रश्न निराळा आहे. सिमेंटच्या सपाट स्लॅबखाली भुसा घालायला जागा नसते. तेथे वरून पांढरा रंग किंवा फुटक्या पांढऱ्या फरशांचा थर हाच उपाय. २०१६ च्या योजनेत सपाट प्रदेशातील घरकुलाला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा ठरली होती. छपराच्या उष्णतेसाठी त्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ असावी, ही मागणी युनियनने करण्यासारखी आहे आणि ग्रामसभेत ती कुणालाही मांडता येते.

भुशाचा फायदा उन्हाळ्यापुरताच नाही. विदर्भातील सर्वांत कमी तापमान हिवाळ्यात पुष्कळदा गोंदियाचेच असते, पारा दहाच्याही खाली जातो, आणि उघड्या पत्र्याखाली पहाटे दव ठिबकते. तेव्हा हे काम कातिकात धान निघून गिरण्या जोरात चालू झाल्या की लगेच घ्यावे. त्या वेळी भुसा ताजा व कोरडा मिळतो, लिंपण वाळायला ऊन असते, आणि तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू व्हायला अजून बराच अवकाश असल्यामुळे घरात माणसेही असतात.