फवारणीआधी डब्यावरचा त्रिकोण पाहा

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी पुरुषभर वाढलेली, त्यात काहींनी दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली आणि अंगावर संरक्षक कपडे नाहीत. नंदुरबारच्या कापूस आणि मिरची पिकवणाऱ्या घरांनी हे विसरू नये.

डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी. त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. औषध मापानेच घ्या, काठीने ढवळा, हात घालू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, मास्क वापरा. वाऱ्याकडे पाठ ठेवून फवारा. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका. मिरची तोडण्याआधी लेबलवर दिलेले दिवस जाऊ द्या.

घरातील भगिनींनो, फवारणीचे कपडे वेगळे धुवा. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल कधीही भरू नका.

मळमळ, दरदरून घाम, लाळ, धूसर दिसणे अशी लक्षणे दिसताच काम थांबवा, कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि डब्याचे लेबल घेऊन दवाखाना गाठा. कोणते विष, हे कळले की डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.