आवाज फाटतोय, पण दोष कुणाचा?

संगणकाचा आवाज फाटायला लागला की हल्ली बरेच जण आधी टास्क मॅनेजर उघडतात. तिथे एक नाव हमखास डोळ्यांत खुपतं: ‘विंडोज ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन’. डीटेल्सच्या यादीत तेच ‘ऑडिओडीजी डॉट ईएक्सई’ म्हणून दिसतं. नाव अगम्य, सीपीयूचा आकडा मधूनच चढलेला. मग ‘हा व्हायरस आहे, उडवून टाक’ असं सांगणारा कुणीतरी शेजारी उभा असतोच. डहाणूजवळच्या वाणगाव स्टेशनबाहेरचं झेरॉक्सचं दुकान असो की मुंबईतलं कार्यालय, सल्ला हाच.

तो व्हायरस नाही. जानेवारी 2007 मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तो प्रत्येक विंडोज संगणकात आहे. त्याआधी, एक्सपीपर्यंत, वेगवेगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळण्याचं काम कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात चालायचं. तिथे साउंड कार्डाच्या ड्रायव्हरने घोळ घातला की नुसता आवाज जायचा नाही, अख्खा संगणक निळा पडदा दाखवून मान टाकायचा. व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने हे बरंचसं काम गाभ्याबाहेर काढलं आणि त्यासाठी स्वतंत्र प्रोसेस ठेवली. बास वाढवणारे, आवाज ‘थिएटरसारखा’ करणारे, गोंगाट गाळणारे इफेक्ट लॅपटॉपसोबत येतात. ते बहुधा मायक्रोसॉफ्टचे नसतात. रिअलटेक, डॉल्बी, डीटीएस, वेव्ह्ज अशा कंपन्यांचे असतात. ते या ऑडिओडीजीच्या आत चालतात. त्यातला एखादा कोसळलाच तर ‘विंडोज ऑडिओ’ ही मूळ सर्व्हिस वाचावी, म्हणून ही वेगळी व्यवस्था.

म्हणून ऑडिओडीजीपुढे सीपीयूचा मोठा आकडा दिसला, तर खरा प्रश्न ‘आत कोण चाललंय’ हा असतो. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड असं जाऊन आपल्या स्पीकरवर क्लिक करा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. विंडोज 10 मध्ये कंट्रोल पॅनेलच्या साउंडमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीज उघडल्या की तेच सापडतं. आकडा खाली आला तर आरोपी सापडला. मला विचाराल तर लॅपटॉपच्या दोन बोटभर स्पीकरांसाठी हे इफेक्ट कायमचे बंद ठेवले तरी फारसं काही बिघडत नाही.

खरंच शंका असेल तर नावावर उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघा. खरी फाइल सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या सिस्टीम-32 मध्ये असते. त्याच नावाची फाइल डाउनलोड्समध्ये किंवा ॲपडेटामध्ये निघाली, तर मात्र अँटिव्हायरस चालवाच.

‘एंड टास्क केलं की आवाज सुधारतो’ असंही पुष्कळ जण अनुभवाने सांगतात. तो अनुभव खोटा नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. प्रोसेस बंद केली की आवाज तुटतो, पुन्हा काही वाजवलं की विंडोज तीच प्रोसेस नव्याने उभी करतं आणि अडकलेला इफेक्टही नव्याने सुरू होतो. म्हणजे दुखणं तसंच राहून नुसता ताप उतरला. हेच काम रीतीने करायचं तर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ रीस्टार्ट करा. ‘विंडोज ऑडिओ’ तिच्यावर अवलंबून असल्याने तीही सोबत रीस्टार्ट होते. स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली आली असेल तरी आधी हेच करून बघावं. यादीत दिसणारी रिअलटेकची युनिव्हर्सल सर्व्हिसही संगणक हलका करायच्या नादात बंद करू नका. ती जागा फार खात नाही, आणि इअरफोनची पिन खोचल्यावर ‘कोणतं उपकरण जोडलंत?’ असं विचारणारी खिडकी तिच्याच जोरावर उघडते.

आता आवाजातल्या तडतडीकडे वळू. गाणं चालू असताना मधूनच ‘टक्, टर्र’ होतं आणि सगळे साउंड कार्डाच्या नावाने बोटं मोडतात. प्रत्यक्षात विंडोजचं ऑडिओ इंजिन साधारण 10 मिलिसेकंदांच्या हप्त्यांनी आवाज पुढे पाठवतं. सेकंदाला 48,000 नमुने असतील, तर एका हप्त्यात 480 नमुने. पुढचा हप्ता वेळेत पोचला नाही तर मधे खड्डा पडतो, आणि तोच आपल्याला टक् असा ऐकू येतो. हप्ता उशिरा का पोचतो? बहुतेकदा आवाजाशी काडीचाही संबंध नसलेल्या ड्रायव्हरमुळे: वायफायचा, ग्राफिक्सचा किंवा बॅटरी सांभाळणारा. असे ड्रायव्हर गाभ्यात काम करतात, प्रोसेसर थोडा वेळ अडवून धरतात, आणि तोवर ऑडिओ इंजिनाला थांबावं लागतं. विरारपलीकडे दोनच मार्गांवर धावणाऱ्या आपल्या डहाणू लोकलला लांब पल्ल्याची गाडी पुढे काढण्यासाठी बाजूला उभं करतात, तसलाच हा प्रकार. लोकलमध्ये बिघाड नसतो, तिला रूळ मोकळा मिळत नाही.

इथे नवं साउंड कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया. आधी वायफाय बंद करून तेच गाणं पुन्हा ऐका. तडतड थांबली तर वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्या. नाही थांबली तर ‘लेटन्सीमॉन’ हा प्रोग्रॅम दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोणत्या ड्रायव्हरने किती वेळ अडवलं, हे तो नावानिशी सांगतो. बॅटरी वाचवणारा पॉवर मोड चालू असेल तर तोही बदलून बघा, कारण प्रोसेसरची गती सतत खालीवर होत राहिली तरी हप्ते चुकतात.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे गोंगाट गाळणारी सोय चालू असली की रेकॉर्डिंग चांगलंच होणार. बोलण्यासाठी हे बऱ्याच अंशी खरं. पण आपल्या डहाणू भागात कुणी लॅपटॉपपुढे बसून तारपा, म्हणजे आदिवासी नाचात फुंकून वाजवलं जाणारं वाद्य, रेकॉर्ड करू लागला तर घोळ होतो. तारपकरी श्वास न तोडता वाजवतो, त्यामुळे सूर सलग घुमत राहतो. माइकचा नॉइज सप्रेशन इफेक्ट मात्र माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला. बोलणं तुटक असतं, चढतं-उतरतं, शब्दाशब्दांत थांबतं. जो आवाज सारखा एकाच पातळीवर चालू असतो तो त्याच्या हिशेबी पंख्याचा किंवा एसीचा. म्हणून तो तारप्याची घूम गोंगाट समजून कापू लागतो. रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीचे काही क्षण सूर भरदार येतो, मग तो खचत जातो, आणि नाचणाऱ्यांच्या टाळ्या-आरोळ्या मात्र ठसठशीत उमटतात. दोष माइकला दिला जातो, कधी वादकालाही. उपाय सोपा आहे: माइकच्या प्रॉपर्टीजमधले एन्हान्समेंट्स बंद करा, आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असेल तर तीही बंद करा. झूमवरून कार्यक्रम दाखवायचा असेल तर ऑडिओ सेटिंग्जमध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय दिलेला आहे, तो वापरा. सनई आणि तंबोरा यांच्याही वाट्याला हेच येतं.

काही तक्रारी तर बिघाड नसतातच. मीटिंग सुरू झाली की गाण्याचा आवाज एकदम खाली जातो, कारण कॉल चालू असताना बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचे, असं विंडोजने मुळातच ठरवून ठेवलंय. जुन्या साउंड खिडकीतल्या ‘कम्युनिकेशन्स’ या टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडा, विषय संपला. शाळेत एचडीएमआयने टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडल्यावर लॅपटॉप मुका होतो, तेव्हा विंडोजने आवाज टीव्हीकडे वळवलेला असतो. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आपलं उपकरण निवडायचं, बस्स. आणि साउंड सेटिंगमध्ये 24 बिट, 192 किलोहर्ट्झ निवडल्याने मोबाइलमधलं एमपी-3 गाणं सुधारत नाही. माणसाचा कान साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, आणि फाइलमध्ये जे मुळात नाही ते सेटिंग कुठून आणणार? संगणकाला उलट फुकटचं रूपांतर करत बसावं लागतं.

ब्लूटूथ इअरफोनवर गाणं सुरेख, पण कॉल लागला की जुन्या टेलिफोनसारखं कोंदट. हेही इअरफोन खराब असल्याचं लक्षण नव्हे. नेहमीचं ब्लूटूथ स्टीरिओ गाणं एका पद्धतीने पाठवतं आणि माइक चालू करायची वेळ आली की दुसऱ्या, एकाच वाहिनीच्या आणि कमी दर्जाच्या पद्धतीकडे वळतं. कॉलसाठी लॅपटॉपचाच माइक निवडला की इअरफोन पुन्हा स्टीरिओवर येतात.

कार्यक्रमात लॅपटॉप ॲम्प्लिफायरला जोडला की येणारी ‘हूँऽऽ’ मात्र बहुतेकदा सॉफ्टवेअरची नसते. चार्जर काढून बघा. थांबली, तर ती विजेच्या 50 हर्ट्झची घरघर आहे. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडले गेलेत. दोन्ही एकाच बोर्डावरून चालवा किंवा मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा मंडपवाल्यांचा जुना इलाज जीवघेणा आहे, तो करू नका. मोबाइल स्पीकरजवळ ठेवल्यावर ‘टिड्डिक टिड्डिक’ ऐकू येतं तेही असंच बाहेरचं. टूजीवर बोलणारा फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा लहरी सोडतो आणि स्पीकरची वायर त्या पकडते.

अपडेटनंतर आवाज गेला तर? ‘अपडेट कधीच करू नये’ हा सल्ला इथूनच जन्मला. डिसेंबर 2024 मध्ये विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती घेतल्यावर काही लॅपटॉपांचा आवाज खरोखर बंद पडला होता. कारण निघालं डिरॅक कंपनीच्या आवाज सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरची एक फाइल, म्हणजे पुन्हा तेच बाहेरून आलेले इफेक्ट. मायक्रोसॉफ्टने अशा संगणकांना ती आवृत्ती देणं थांबवलं, उपाय होता नवा ड्रायव्हर. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडचा ड्रायव्हर ‘रोल बॅक’ करून बघा, नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं करून, इफेक्ट बंद ठेवूनही लॅपटॉपच्या स्पीकरमधून फरफर येत असेल आणि वायरच्या इअरफोनवर तेच गाणं स्वच्छ वाजत असेल, तर बहुधा स्पीकरचा पडदाच फाटलाय. मग विंडोज नव्याने टाकून काही होणार नाही. दुरुस्तीवाल्याला स्पीकर बदलायला सांगा.