विमानात पाणी पिणं टाळू नका. रिकामी बाटली सोबत ठेवा, आत गेल्यावर भरा

मुलं बंगळुरू, दुबई किंवा अमेरिकेत नोकरीला गेल्यामुळे आता खेड्यापाड्यांतले आई-वडीलही विमानाने ये-जा करू लागले आहेत. मात्र ‘विमानात सारखं उठून बाथरूमला कुठे जायचं’ या संकोचापोटी अनेक ज्येष्ठ घरातून निघाल्यापासूनच पाणी कमी पितात. दोन तासांच्या प्रवासात ते निभावतं, पण मुंबई ते न्यूयॉर्क अशा सोळा तासांच्या आसपासच्या प्रवासात हेच अंगाशी येऊ शकतं.

विमानात घसा का सुकतो?

विमान उंचावर असताना बाहेरची हवा अतिशय थंड आणि कोरडी असते. तीच हवा दाब वाढवून, तापमान जुळवून आत घेतली जाते. त्यामुळे लांबच्या प्रवासात आतल्या हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ २० टक्क्यांच्या खालीच राहते. म्हणजे मे महिन्यातल्या भर दुपारसारखी कोरडी हवा, फक्त ऊन नाही. घाम येत नाही, म्हणून तहानही लक्षात येत नाही. ओठ, नाक, डोळे मात्र कोरडे पडतात.

खरं तर नुसत्या कोरड्या हवेने शरीरातलं पाणी फार कमी होत नाही. अडचण होते ती तासन् तास पाणी न प्यायल्याने. मग डोकं दुखणं, थकवा, उठताना चक्कर येणं असे त्रास सुरू होतात.

बाटलीचा नियम काय?

आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान्यतः १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी सुरक्षा तपासणीतून नेता येत नाही. २००६ मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यानंतर हे निर्बंध आले. पण बंदी पाण्याला आहे, बाटलीला नाही. घरची स्टीलची बाटली रिकामी करून ट्रेमध्ये ठेवली की झालं. तपासणीनंतर आत मोठ्या विमानतळांवर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, तिथे ती भरून घ्यावी. मध्ये विमान बदलायचं असेल तर पुन्हा तपासणी होऊ शकते. तिथेही आधी बाटली रिकामी करावी.

बाटली काठोकाठ भरू नये. विमानातला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाई शिखरापेक्षाही कमी ठेवलेला असतो. त्यामुळे बाटलीतली हवा फुगते आणि स्ट्रॉच्या बाटलीतून पाणी उडतं. अशी बाटली उघडताना आधी झाकण हळूच सैल करावं.

किती आणि कसं प्यावं?

एकदम तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा तासाला अर्धा-एक पेला, घोट घोट घ्यावा. पाणी संपलं तर डोक्यावरचं माणसाचं चित्र असलेलं बटण दाबावं, कर्मचारी येतात. इंग्रजी येत नसलं तरी ‘वॉटर’ एवढा शब्द पुरतो. बहुतेक विमानांत साध्या पाण्याचे पैसे लागत नाहीत. परदेशातल्या काही स्वस्त विमान कंपन्या मात्र पाणी विकतच देतात. बाथरूमच्या नळाचं पाणी पिऊ नये, ते हात धुण्यापुरतंच असतं. फुकट मिळते म्हणून दारू घेऊ नये, तिने लघवी जास्त होते.

बाथरूमची भीती नको

तिकीट काढतानाच मुलांनी आई-वडिलांसाठी मधल्या वाटेलगतची जागा घ्यावी, म्हणजे शेजाऱ्याला उठवावं लागत नाही. बाथरूमचा घडीचा दरवाजा मधोमध ढकलला की उघडतो आणि कडी लावल्यावर आत दिवा लागतो. फ्लशचा मोठा आवाज होतो, त्याने दचकू नये. हे घरीच समजावून सांगितलं तर निम्मा संकोच जातो.

त्या निमित्ताने उठणं होतं, तेही चांगलंच. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तो नुसत्या पाण्याने टळत नाही, त्यासाठी चालावं लागतं.

हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून पिणाऱ्यांनी प्रवासाआधी डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्यावं. लघवी जास्त होते म्हणून बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.