थडग्यांचे दगड वाचताना

अलिबागहून रेवसच्या रस्त्याला लागलं की थळनंतर आणि किहीमच्या अलीकडे नवगाव येतं. समुद्रात खांदेरी-उंदेरी दिसतात. याच बेटांच्या आसपास एक गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या, असं कोकणातले बेने इस्रायली यहुदी पिढ्यानपिढ्या सांगत आले. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली, ती नवगावला पुरली. पुरुषांचा उंचवटा वेगळा, बायकांचा वेगळा. काहीजण ही घटना दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. लेखी पुरावा नाही, पण जागा ठरलेली आहे, आणि आता तिथे समाजाने उभारलेला स्मारकस्तंभ आहे.

युरोपातल्या गावांत यहुदी समाजाची स्मारकं बहुतेक संहाराची असतात. जर्मन शिल्पकार गुंटर डेमनिग यांनी १९९० च्या दशकापासून फुटपाथवर बसवलेल्या छोट्या पितळी फरशांवर, त्या घरातून कुणाला उचलून नेलं हे लिहिलेलं असतं. नवगावचा स्तंभ येण्याची आठवण ठेवतो. इथून माणसं गेली ती आपल्या पायांनी, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन. १९४८ मध्ये इस्रायल झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावंच्या गावं रिकामी झाली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर यहुदी होते. २०११ मध्ये ते पाच हजारांच्याही आत आले. या जाण्याचा स्तंभ रायगडात माझ्या पाहण्यात नाही. त्याची नोंद आहे ती दफनभूमीतल्या दगडांवर, आणि ते दगड झिजत चाललेत.

म्हणून मी असे दगड साफ करून वाचण्याच्या कामावर जाऊन बसलो. नवगावच्या उंचवट्यांवर वाचायला काही नाही. कोरलेले दगड नंतरच्या काळातले. हे काम अलिबाग तालुक्यातल्याच दुसऱ्या एका दफनभूमीत चाललं होतं. पावसाळा सरला होता, गवत कमरेइतकं वाढलेलं. आधी कोयत्याने गवत कापायचं, पण थडग्यापासून वीतभर लांब. शेवटचं गवत हाताने उपटायचं, कारण कोयत्याचं पातं लागलं की मऊ दगडाचा टवका उडतो. मग फोटो. हात लावण्याआधीचा फोटो काढल्याशिवाय कुणी पाणी ओतत नाही.

पाणी साधं, गोडं. ब्रश मऊ केसांचा. खालून वर घासत जायचं, म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या दगडावर उतरून डाग पडत नाहीत. अक्षरांच्या खाचेत बसलेलं शेवाळ बांबूच्या काडीने हळूहळू काढायचं. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर यांना सक्त मनाई. आपल्याकडे भक्तिभावाने चुना किंवा ऑइलपेंट फासायची सवय आहे, तिने सगळ्यात जास्त नावं पुसली आहेत, असं माझं मत या कामानंतर पक्कं झालं. रंगाखाली खारी ओल दडून राहते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

एक दगड धुऊनही वाचता येईना. काम करणाऱ्या पोराने डोक्यावर छत्री धरायला लावली, आणि मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडला. अक्षरांच्या सावल्या उभ्या राहिल्या. वरच्या ओळीत पे आणि नून ही दोन हिब्रू अक्षरं, म्हणजे ‘इथे पुरलं आहे’. खाली देवनागरीत बाईचं नाव, शेवटी ‘बाई’ जोडलेलं, मग नवऱ्याचं नाव, आणि ‘कर’ लावलेलं गावाचं आडनाव. तळाला हिब्रूत साल होतं, तेही अक्षरांतच: ताव म्हणजे ४००, रेश २००, आयिन ७०, अलेफ १. बेरीज ६७१. हजारांचा आकडा धरत नाहीत. यात १२४० मिळवले की १९११. फक्त महिना तिश्री, हेश्वान, किस्लेव किंवा टेवेतची सुरुवात असेल तर एक वजा करायचा, कारण यहुदी वर्ष आपल्या दसऱ्याच्या आसपास बदलतं. इथे महिना निसानचा होता, तेव्हा १९११ कायम. अलिबागच्या इस्रायल आळीतलं १८४८ चं मागेन आबोत सिनेगॉग १९१० मध्ये नव्याने बांधलं गेलं. ते नवं सिनेगॉग या बाईंनी पाहिलं असेल का, हा विचार तिथून उठताना माझ्या मनातून जाईना.

आडनावं वाचत गेलं की जिल्हाच पुढे येतो: किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. अशी शंभरावर आडनावं या समाजात आहेत. सिनेमातले डेव्हिड हे चेऊलकर, म्हणजे चौलचे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराड गावाचं. या समाजाचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. हिब्रू विसरली, प्रार्थना विसरल्या, तरी शनिवार सुटला नाही, सुंता सुटली नाही आणि ‘शेमा’ या एका प्रार्थनेची ओळ तोंडात राहिली. एवढ्यावर एक समाज शतकानुशतकं टिकला, याचं मला फार अप्रूप आहे.

इस्रायलमधून मंडळी अजून येतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीचा खडक आहे. प्रेषित एलियाचा रथ इथून आकाशात गेला अशी श्रद्धा. तिथे मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वर फळं. मग माणसं आजी-पणजीचं थडगं शोधत फिरतात. यादी नसेल तर हात हलवत परत जातात.

दफनभूमीच्या कामात शेवटी उरते ती हीच यादी: दगडाचा क्रमांक, जागेचा नकाशा, फोटो, वाचलेला मजकूर, आणि न लागलेल्या अक्षरांच्या जागी मोकळी टिंबं. अंदाजाने नाव भरायचं नाही, हा नियम मला फार मोलाचा वाटला.

पेण, पनवेल, रेवदंडा, म्हसळा, अलिबाग, या पट्ट्यात तुमचं गाव असेल आणि तिथे अशी दफनभूमी असेल, तर एवढं करा. समाजाच्या विश्वस्तांची परवानगी घ्या, उन्हं तिरपी असताना जा, प्रत्येक दगडाचा फोटो काढा आणि त्याची एक प्रत जवळच्या सिनेगॉगकडे, एक गावच्या वाचनालयात द्या. रंग लावू नका. हे काम पुढच्या पावसाळ्याआधी व्हायला हवं.