साखर नॉर्मल, कंबर अडतीस

रमजानचे पहिले दहा रोजे सरले की टेलरमास्तरांच्या दुकानात उभे राहायला जागा उरत नाही. ईदच्या कुर्त्याचे कापड काउंटरवर ठेवून चाळिशीतले गिऱ्हाईक सांगते, "मास्तर, मागच्याच ईदचं माप घ्या." मास्तर वही उघडतात, गळ्यातली टेप काढतात आणि म्हणतात, "भाई, वहीत छत्तीस आहे, टेप अडतीस सांगतेय." गिऱ्हाईक हसते. पोट सुटले की 'तब्येत सुधारली' म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. शिवाय रमजानच्या आधी त्याने साखर तपासून घेतलेली असते आणि ती नॉर्मल आलेली असते. मग काळजी कसली?

काळजी आहे ती रिपोर्टात न दिसणाऱ्या गोष्टीची. तपासणीत रक्तातली साखर कळते. ती साखर ताब्यात ठेवण्यासाठी शरीराला किती इन्सुलिन खर्च करावे लागले, हे त्यात नसते.

इन्सुलिन तयार होते जठराच्या मागे आडव्या पडलेल्या स्वादुपिंडात. रोजा असताना दिवसभर त्याची पातळी उतरत जाते आणि शरीर यकृतातली शिल्लक साखर व साठवलेली चरबी वापरू लागते. मगरिबच्या अजानला खजूर तोंडात पडला की काही मिनिटांत इन्सुलिन वाढते, स्नायू आणि यकृत साखर उचलतात आणि दोन-तीन तासांत ते पुन्हा खाली येते. निरोगी, सडपातळ माणसात हे असे चालते. पोट सुटलेल्या माणसात मात्र ते फार चढते, उतरायला वेळ लावते आणि उपाशीपोटीही जास्तच राहते.

ही गोष्ट कळायलाही बराच काळ गेला. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडले, तेव्हा मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा तुटवडा असा सरळ हिशोब मांडला गेला. मुलांमधल्या मधुमेहाला तो लागूही पडला. पण रक्तातले इन्सुलिन मोजायची सोयच नव्हती. ती १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. तेव्हा दिसले की मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतेच, उलट निरोगी माणसापेक्षा जास्त होते. या शोधासाठी यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. बर्सन त्याआधीच वारले होते.

इन्सुलिन असूनही साखर का वाढते? गल्लीत खेळणाऱ्या पोराला आई हाक मारते. ते पहिल्या हाकेला आले तर आवाज चढवावा लागत नाही. ते ऐकेनासे झाले की आई मोठ्याने ओरडते. इथे ऐकेनासे होतात ते यकृत आणि स्नायू. चरबी साठवायची हक्काची जागा म्हणजे कातडीखालचा थर. तिथे मावेनाशी झाली की ती पोटातल्या आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत शिरते. पोटातल्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जातात, आणि 'साखर सोडू नकोस' हा इन्सुलिनचा निरोप यकृताला ऐकू येईनासा होतो. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. वर्षानुवर्षे ते जादा पाळी करत राहते, म्हणून साखर नॉर्मल दिसते. ज्या दिवशी ते थकते, त्या दिवसापासून रिपोर्ट बिघडायला लागतो. म्हणजे रोग दिसतो तेव्हा तो बराच जुना झालेला असतो.

तोवर शरीर अगदीच गप्प बसते असेही नाही. वजन वाढलेल्या मुलामुलींच्या मानेमागे, काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. आई बिचारी बेसन-लिंबू लावून घासते, मुलीला 'अंघोळ नीट करत नाहीस' म्हणून बोलणी बसतात. तो मळ नसतो. बहुतेक वेळा वाढलेले इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला लावत असते. त्याच मुलीची पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर जादा इन्सुलिनने बीजकोशांना पुरुषी संप्रेरके वाढवायला लावल्याची शक्यता असते. अशा मुलीला पार्लरआधी डॉक्टरकडे न्यायला हवे. लग्न जमवताना या गोष्टी लपवायची आपली खोड फार वाईट आहे. त्यात उपचाराची वर्षे वाया जातात.

'आमच्या घरात कोणी जाड नाही,' असे म्हणणाऱ्यांनी पुण्याचे एक उदाहरण ऐकावे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या हिशोबात दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठणे, असे त्यांनी स्वतःच गमतीने लिहिले होते.

पण दोष सगळा लिफ्टचा नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली, इंग्लंडमधली साडेतीन. हातपाय बारीक, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त सापडले. म्हणून भारतीयांसाठी इशाऱ्याची रेषा अलीकडे ओढली आहे: बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा.

हे उलटवता येते का? बऱ्याच जणांत येते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला प्रा. रॉय टेलर यांनी ११ मधुमेहींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ८ आठवडे दिवसाला अवघ्या ६०० कॅलरींवर ठेवले. २०११ मध्ये निष्कर्ष आले. एका आठवड्यात यकृतातली चरबी घटली आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मलला आली. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्याच मोठ्या पाहणीत, ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवले त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर औषधाविना ताब्यात होता. त्यांचा आजार मात्र फार जुना नव्हता.

मग महिनाभर रोजे ठेवून पोट का उतरत नाही? रमजानमध्ये वजन घटते ते साधारण किलोभर, आणि ईदनंतर काही आठवड्यांत तेही परत येते. शेजारच्या घरात साबुदाण्याच्या खिचडीवरून 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात, तेच दस्तरखानाला लागू पडते. दिवसभर उतरलेले इन्सुलिन सरबत, समोसे, भजी, मग बिर्याणी, तरावीहनंतर पुन्हा फिरनी अशा रात्रभराच्या चालीने वरच राहते. खजूर, पाणी, फळे, मग डाळ-भाजी आणि थोडे मांस एवढे पुरते. तरावीहला चालत गेले तर स्नायूही साखर उचलतात. चालताना ते इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहताही साखर घेतात.

आधीच इन्सुलिनचे इंजेक्शन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. त्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. ती ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा. आजाऱ्याला ती मुभा आहेच.

आणि टेप? पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, बायकांची ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, एवढ्यापर्यंत ठीक. पँट पोटाखाली बांधायची सोय असते, म्हणून पँटचा नंबर सांगू नये. टेप बरगड्या संपतात तिथून कमरेच्या हाडापर्यंतच्या मध्यावर, उघड्या अंगावर धरायची, श्वास सोडून. टेलरमास्तरांपुढे पोट आत ओढून उभे राहायची सवय असते, ती इथे चालत नाही.