फाशीची शिक्षा: न्याय आणि सूड यांतला फरक

‘जिवाच्या बदल्यात जीव गेला की न्याय झाला’ हा समज प्रत्येक गाजलेल्या खून खटल्याच्या वेळी नव्याने ऐकू येतो. मोर्चातल्या फलकांवर तो असतो, वृत्तवाहिन्यांच्या चर्चांत असतो, आणि शिकलेसवरलेले लोकही ‘खटला कशाला हवा, भर चौकात लटकवा’ असे म्हणून मोकळे होतात. भारतीय कायद्यात या समजाला कुठेही आधार नाही.

सूड दुखावलेला माणूस घेतो, स्वतःच्या मापाने घेतो आणि राग शमेपर्यंत घेतो. न्यायाधीश मात्र त्या वैरात नसलेलाच असावा लागतो, म्हणून फौजदारी खटला सरकार चालवते, मृताचे घर नव्हे. गांधीहत्येच्या खटल्यात हे ठळकपणे दिसले. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांची फाशी टळावी, अशी विनंती गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी केली होती. तरी 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाला तुरुंगात दोघांना फाशी झाली. ही शिक्षा योग्य होती की नाही, हा वाद वेगळा. पण घरच्यांची क्षमा जर शिक्षा थांबवू शकत नसेल, तर घरच्यांचा संतापही शिक्षेचे कारण ठरू शकत नाही.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने खुनासाठी जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद केला. फाशी देताना न्यायाधीशाला विशेष कारणे लिहावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ ही कसोटी घातली. त्यानुसार गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही तपासावा लागतो: वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. दोषसिद्धीनंतर शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी होते आणि सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही. याला वेळकाढूपणा म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्रातले एक प्रकरण नीट पाहावे.

2003 मधल्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे पुनर्विलोकनात काय उघड झाले? घटनेनंतर काही दिवसांतच प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते आणि ही गोष्ट न्यायालयापुढे आणलीच गेली नव्हती. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. लोकांच्या मागणीप्रमाणे सगळे ‘झटपट’ झाले असते, तर ही भरपाई घ्यायला त्यांच्यातला कोणी उरला नसता.

याउलट, ‘फाशी म्हणजे सरकारने घेतलेला सूडच’ असे विरोधक सरसकट म्हणतात, तेही बरोबर नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट खुन्याला मृत्युदंडच हवा या मताचा होता, आणि त्याचे कारण राग हे नव्हते. कृत्याला साजेशी शिक्षा न देणे हाच त्याच्या लेखी अन्याय होता. हे मत पटणे न पटणे वेगळे, पण त्याला सूड म्हणता येत नाही. मात्र न्यायासनावरूनही सीमा धूसर होऊ शकते. 1983 च्या मच्छी सिंग निकालाने फाशीच्या विचारात ‘समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी’ आणली. ही बुद्धी मोजायची कशाने, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. लोकमत ही गुन्ह्याची किंवा गुन्हेगाराची परिस्थिती नव्हे, हे 2009 मध्ये बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच सांगावे लागले.

हैदराबादजवळ डिसेंबर 2019 मध्ये बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी सांगितले, की न्यायाने सुडाचे रूप घेतले तर तो न्याय राहत नाही. या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या न्या. विकास सिरपूरकर यांच्या आयोगानेही पुढे निष्कर्ष काढला, की ठार मारण्याच्या हेतूनेच गोळीबार झाला होता. त्या चौघांनी गुन्हा केला होता की नाही, हे आता कोणतेही न्यायालय ठरवू शकत नाही.

काही किरकोळ गैरसमज. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’: चूक. जन्मठेप आयुष्यभराची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये गोपाळ गोडसे खटल्यातच स्पष्ट केले; चौदा वर्षे ही खुनासारख्या गुन्ह्यांत सुटकेचा विचार होण्यापूर्वीची किमान मुदत आहे. ‘फाशीने खून कमी होतात’: अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितले, की त्यांवरून होय किंवा नाही असे काहीच ठरवता येत नाही. ‘दयेचा अर्ज म्हणजे गुन्हेगारावर उपकार’: राष्ट्रपती आणि राज्यपालांचा हा अधिकार संविधानातला आहे, आणि त्यावरच्या अवाजवी विलंबामुळे फाशी रद्द होऊ शकते, असा निर्णय 2014 चा आहे.

‘फाशीला विरोध म्हणजे गुन्हेगारांचा कैवार’ हा आरोप तर डॉ. आंबेडकरांवरही करावा लागेल. 3 जून 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. विधी आयोगाने 2015 च्या 262 व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. त्याच अहवालात पोलीस सुधारणा, साक्षीदारांना संरक्षण आणि पीडितांना नुकसानभरपाई या गोष्टी तातडीने हाती घ्याव्यात, असेही म्हटले आहे.